आईच्या मांडीवरचा डबा

गेल्या वर्षी पुणे-सातारा रोडला शिरवळच्या अलीकडे आमचा अपघात झाला. राँग साइडने आलेल्या पिकअपने आम्हाला समोरून ठोकलं. मी चालवत होतो, शेजारी आई, आणि आईच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, कारण मागे ठेवला तर लाडू फुटतील. दोघांचेही पट्टे लावलेले होते. एअरबॅग दोन्ही उघडल्या. आवाज म्हणजे कानाजवळ सुतळी बॉम्ब फुटावा तसा, सगळीकडे पांढरी पावडर आणि जळका वास, मला वाटलं गाडीने पेट घेतला. आईच्या दोन बरगड्या मोडल्या, त्या पिकअपने नाही आणि नुसत्या एअरबॅगनेही नाही, तर एअरबॅगने डबा आत ढकलला म्हणून.

एअरबॅग ही उशी आहे असं आपण धरून चालतो. पण ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, ताशी तीनशेच्या आसपास वेगाने बाहेर येते म्हणतात, आणि मधे जे काही असेल ते अंगावर घेऊनच येते, मग तो डबा असो, मोबाईल असो, डॅशबोर्डवर टाकलेले पाय असोत. (डिसेंबर 2024 मधे वाशीत पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या मारानेच गेला, ती बातमी मी वाचली होती आणि तरी डब्याचं डोक्यात आलं नाही.)

आता खरा घोळ. रात्री कॅज्युअल्टीत ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं काय लागलं, मी घाबरलेला, बोलून गेलो, "एअरबॅग लागली." त्यांनी कागदावर तेवढंच लिहिलं. गाडीला गाडी धडकली, कुठे, किती वाजता, काहीच नाही. त्या एका ओळीने पुढे आमचा जीव खाल्ला. पिकअपच्या इन्शुरन्सवाल्यांचे वकील म्हणे इजा आमच्या वाहनाने झालेलीच नाही, एअरबॅगने झाली, मग गाडीच्या कंपनीवर जा. आणि वर परत, मांडीवर डबा घेऊन बसल्या म्हणजे बाईंचीही चूक आहेच.

आमच्या वकीलबाई शांत होत्या. म्हणाल्या, पिकअप राँग साइडने आला नसता तर एअरबॅग उघडलीच नसती, उघडण्याचं कारण टक्कर, टक्करीचं कारण तो, एवढं सरळ आहे. फक्त ते कागदावर दिसायला हवं. म्हणून मग एफआयआर, स्पॉट पंचनामा, गाडीचे फोटो ज्यात फुटलेला डॅशबोर्ड आणि लोंबणारी एअरबॅग दोन्ही दिसतात, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची प्रत्येक पावती, सगळं गोळा केलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम 166 खाली अर्ज केला, तोही पुण्यातच, कारण अपघात जिथे झाला तिथेच जायला लागतं असं नाही, आपण राहतो तिथेही चालतं. एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय, हे मला माहितच नव्हतं, आई बरी झाली की बघू म्हणून मी चार महिने नुसते घालवले होते.

कंपनीवर केस करायचा विचार आमच्याही डोक्यात आला होता, नाही असं नाही. पण आमच्या एअरबॅगने तिचं काम बरोबर केलं होतं. ती केस तेव्हा उभी राहते जेव्हा बॅग उघडायला हवी तिथे उघडत नाही, नाहीतर उगाच उघडते किंवा तिच्यातच दोष असतो, जसे ताकाता या जपानी कंपनीचे इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणारे भाग, जे फुटून धातूचे तुकडे माणसाला लागायचे. त्यासाठी ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2022 मधे क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नाहीत त्या केसमधे ह्युंदाईच्या विरोधात निकाल कायम ठेवला, आणि ग्राहक काही वेग आणि बळाची गणितं करणारा फिजिक्सचा तज्ज्ञ नसतो अशा अर्थाचं म्हटलं. मला ते वाचून फार बरं वाटलं. पण अशी केस करायची तर गाडी जशीच्या तशी जपावी लागते, आणि आपण काय करतो, तर सर्व्हे झाला की वर्कशॉपवाल्याला म्हणतो लवकर करून दे. तो जुनी बॅग आणि मॉड्यूल काढून टाकतो, झालं, पुरावा भंगारात. आणि गाडीला पुढे लोखंडी बुलगार्ड लावलेलं असेल तर त्याच्यामुळेच बॅग नीट उघडली नाही असं म्हणत समोरचे तेच धरून बसणार, केंद्राने 2017 मधेच बंदी घालूनसुद्धा लोक हौसेने बसवतात.

आमचं शेवटी लोकअदालतीत तडजोडीवर मिटलं. मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं, डब्याचं कारण सांगून त्यांनी घासाघीस केलीच, पण हॉस्पिटलचं बिल आणि चार महिने ठेवलेल्या बाईचा पगार निघाला. आई म्हणाली घेऊन टाक, मला परत तारखेला यायचं नाही.

डबा मात्र पुरावा म्हणून दिला तो अजून वकीलबाईंच्या ऑफिसात कपाटावर आहे, एका बाजूने पार चेपलेला. आई दर महिन्याला विचारते, झाकण तरी आणलंस का.