फक्त दुपारी होणारा शॉर्ट: माझ्या रेल्वे लेआउटच्या वायरिंगचा अनुभव

माझा लेआउट, म्हणजे बोर्डावर मांडलेली मॉडेल रेल्वे, एचओ स्केलचा (खऱ्याच्या १/८७) आहे, १६.५ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर), डीसीसीवर चालणारा, म्हणजे रुळांतूनच वीज आणि इंजिनाला डिजिटल आदेश दोन्ही जातात. ट्रॅक टाकणं, बोर्डाखालून बस वायर (वीज सगळीकडे नेणारी मुख्य जाड वायर) फिरवणं, तिच्यापासून रुळांपर्यंत जाणारे १८ फीडर सोल्डर करणं हे सगळं थंडीत निवांत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्रास सुरू झाला उन्हाळ्यात.

सकाळी गाडी मस्त पळायची आणि दुपारी दोनच्या आसपास बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा डबा) ट्रिप व्हायचा, म्हणजे शॉर्ट जाणवून आपोआप बंद पडायचा. रिसेट केला की परत ट्रिप. संध्याकाळी आपोआप सगळं ठीक! मला वाटलं बूस्टरच तापतोय, म्हणून मित्राचा आणून लावला तर तोही दुपारीच पडला. मग तीन आठवडे रोज ऑफिसातून आल्यावर रात्री बोर्डाखाली आडवा पडून एकेक फीडर सोडवायचा, मीटर कंटिन्युइटीवर (दोन रूळ कुठे जोडले गेले असतील तर बीप वाजतो) लावायचा, बीप नाही, परत जोडायचा, पुढचा. एकदा बीप आला आणि जीव भांड्यात पडला, पण तो निघाला सायडिंगला उभ्या असलेल्या दिवेवाल्या डब्याचा. बल्बमधून मीटरचा करंट जातो आणि शॉर्ट असल्यासारखं वाटतं, त्यामुळे तपासायच्या आधी इंजिन, डबे सगळं रुळावरून उचला, एकही ठेवू नका. ते तीन आठवडे आठवले की अजून चिडचिड होते, कारण जो फॉल्ट दुपारी येतो तो मी रात्री शोधत होतो आणि रात्री तो तिथे नसायचाच.

शेवटी एका रविवारी दुपारीच बसलो. बूस्टर आणि बसच्या मध्ये, एकाच वायरीत, गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकला. शॉर्ट असला की बल्ब लख्ख पेटतो आणि करंट दोन अँपिअरच्या आतच राहतो, म्हणजे माझा तीन अँपिअरचा बूस्टर सारखा पडत नाही आणि शांतपणे शोधता येतं. हा बल्ब पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. दोन वाजून गेले आणि पेटला. मग बस वायर मधोमध सोडवली, तरी पेटलेलाच, म्हणजे दोष बूस्टरकडच्या अर्ध्या भागात. त्या अर्ध्याचं परत अर्धं केलं, असं करत क्रॉसिंग लूपपर्यंत (मेन लाइनला समांतर, दोन गाड्या एकमेकींना ओलांडायची लाइन) पोचलो. तिथे सहज म्हणून लूपच्या तोंडाचा पॉइंट (गाडीची लाइन बदलणारा सांधा) फिरवला आणि बल्ब विझला. परत मेन लाइनला लावला, पेटला. चार-पाच वेळा करून बघितलं, दर वेळी तेच!

माझ्या पॉइंटचे फ्रॉग (जिथे आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) धातूचे आहेत, पॉइंट फिरला की फ्रॉगची पोलॅरिटी बदलते, म्हणून फ्रॉगच्या पुढे दोन्ही आतल्या रुळांत गॅप ठेवावी लागते, नाहीतर फ्रॉग उलट पोलॅरिटीच्या रुळाला जोडला जाऊन शॉर्ट होतो. गॅप मी बारीक डिस्कने कापली होती आणि तशीच मोकळी सोडली होती. टॉर्च आणि भिंग घेऊन बघितलं तर लूपकडच्या गॅपमध्ये रुळाची दोन टोकं एकमेकांना टेकलेली, साधा कागदसुद्धा आत जाईना. रात्री बघितलं तर हाच कागद आरामात जायचा.

कारण सरळ आहे. खोली पंधरा डिग्री तापली तर एक मीटर निकेल सिल्व्हरचा रूळ साधारण पाव मिलिमीटर वाढतो. लूपचे सगळे जॉइनर (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पट्ट्या) मी सोल्डर करून टाकले होते, त्यामुळे तीन मीटरची सगळी वाढ त्या एकाच गॅपवर येऊन बसत होती. सरळ ट्रॅकवर थोडे जॉइनर सोल्डर न करता सोडा, फक्त प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर द्या.

गॅप परत कापली, अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचा तुकडा सुपरग्लू लावून आत बसवला आणि वाळल्यावर कानसीने रुळाच्या आकारात घासून घेतला. उरलेल्या अकरा गॅपही त्याच दुपारी भरल्या. पुढच्या रविवारी भर दुपारी १२ ते ५ सलग गाडी चालवली, बूस्टर एकदाही पडला नाही. इतका आनंद लेआउट पहिल्यांदा चालू झाला तेव्हाही झाला नव्हता.

हो, आणि मीटरने तपासताना प्रत्येक पॉइंट दोन्ही बाजूंना फिरवून तपासा, एका बाजूला बीप नसला म्हणजे दुसऱ्या बाजूलाही नसेल असं नाही. सगळं झाल्यावर बल्ब काढून लेआउटच्या लांबच्या टोकाला दोन्ही रुळांवर एक नाणं आडवं ठेवा, बूस्टर ताबडतोब पडला पाहिजे. नाही पडला तर नाणं लगेच उचला आणि तिथले फीडर वाढवा, नाहीतर खऱ्या शॉर्टच्या वेळी तिथे वायर तापत राहील आणि बूस्टरला पत्ताही लागणार नाही.