बाराची गाडी

शनिवार, रात्री उशिरा

जेवणं आटोपल्यावर 'हाय नून' लावला. 1952 चा, फ्रेड झिनेमनचा वेस्टर्न, म्हणजे काऊबॉय-बंदुकांचा सिनेमा. गोष्ट पाठच आहे. मार्शल विल केनचं सकाळी लग्न लागतं, तो नोकरी सोडून बायकोबरोबर निघतो, आणि तेवढ्यात कळतं की त्यानेच तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय नि बाराच्या गाडीने येतोय. मिलरचे तीन साथीदार स्टेशनवर येऊन बसलेत.

वेस्टर्न म्हणजे ढिशांव-ढिशांव, असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. पण बंदुका त्यात तशा थोडाच वेळ चालतात. खरा सिनेमा असतो तो वाट बघण्याचा. इथे तर सिनेमा 85 मिनिटांचा आणि गोष्टही जवळपास तेवढ्याच वेळात घडणारी. दर थोड्या वेळाने भिंतीवरचं घड्याळ दिसत राहतं. सर्जिओ लिओनेने 1968 मध्ये 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये असेच तिघे स्टेशनवर बसवले आणि प्रसंग इतका ताणला की काही घडत नसतानाही नजर हलत नाही. करकरणारी पवनचक्की, टोपीवर टपटपणारं पाणी, गालावर फिरणारी माशी. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, तेही मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असताना!

केन मदतीसाठी दारोदार फिरतो. न्यायाधीश तराजू आणि झेंडा गुंडाळून गाव सोडतो. एक मित्र घरात लपून बायकोकरवी 'नाहीत' म्हणून सांगतो. चर्चमध्ये तर रीतसर चर्चा होते. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल: आधी केनचं तोंडभर कौतुक, मग त्यानेच निघून जाणं कसं गावाच्या हिताचं, हे पटवणं. 'शोले'तलं रामगढही असंच कच खातं, पण तिथे मुलगा गमावलेले आंधळे इमामसाहेब उभे राहतात आणि गाव खजील होतं. केनच्या गावाला, हॅडलीव्हिलला, इमामसाहेब नाहीत.

आणि पाठीत गोळी घालायची नाही, हा वेस्टर्नचा अलिखित नियम. इथे तो कोण मोडतं? केनची नवी नवरी. वडील आणि भाऊ गोळीला बळी पडल्यावर क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथात गेलेली, हिंसेचा तिटकारा असलेली एमी. खिडकीतून, मागून. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, मला मात्र सगळ्या सिनेमात तोच क्षण सर्वात धाडसी वाटतो.

खऱ्या इतिहासात तर वाट बघण्याएवढाही ऐवज नाही. ओके कोरालची सुप्रसिद्ध चकमक 26 ऑक्टोबर 1881 ची, अॅरिझोनातल्या टूमस्टोनमधली. सुमारे अर्धं मिनिट चालली, तिघे मेले, आणि तीही कोरालमध्ये, म्हणजे घोड्यांच्या आवारात, नाही, शेजारच्या मोकळ्या जागेत. निमित्त काय, तर गावात हत्यार बाळगायला बंदी होती आणि काऊबॉय मंडळींनी ती मोडली होती. म्हणजे पोलीस बंदुका काढून घ्यायला निघाले होते! त्या पोलिसांतला वायट अर्प 1929 पर्यंत जगला, वारला तोही लॉस एंजेलिसमध्ये, सिनेमावाल्यांच्या शेजारी.

'हाय नून'चा पटकथाकार कार्ल फोरमन याला चित्रीकरण चालू असतानाच कम्युनिस्टांचा छडा लावणाऱ्या समितीचं बोलावणं आलं. त्याने इतरांची नावं दिली नाहीत, काळ्या यादीत गेला आणि पुढे इंग्लंडला निघून गेला. हे माहीत असलं की चर्चमधला प्रसंग वेगळाच ऐकू येतो. वेस्टर्नचा मोठा नट जॉन वेन, त्याला सिनेमा अजिबात आवडला नव्हता. त्याने आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने 1959 मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला तो उत्तर म्हणूनच. त्यातला शेरीफ हौशी लोकांची मदत नको म्हणतो. गंमत म्हणजे केन झालेल्या गॅरी कूपरचं ऑस्कर त्याच्या वतीने स्वीकारायला 1953 मध्ये मंचावर गेला होता वेनच.

पुढे 1971 च्या एका मुलाखतीत वेनने रागाने सांगितलं की, शेवटी कूपर मार्शलचा बिल्ला पायाखाली तुडवतो. म्हणून आज शेवट पुन्हा मागे नेऊन बघितला. केन बिल्ला काढतो, धुळीत टाकतो, घोडागाडीत चढतो. तुडवत वगैरे काही नाही. इतक्या वर्षांच्या रागाने वेनच्या डोक्यात तो पाय आपोआप उचलला असणार.

उद्या 'रिओ ब्राव्हो'. तो लांबलचक आहे, दुपारीच लावावा लागेल.