सातपूरचा ईआरपी ओझरला चालेल का?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना ईआरपीचं, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, बिलं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, आता नवल नाही. बीओएम (एका वस्तूला लागणाऱ्या भागांची यादी) भरा, ऑर्डर टाका, एमआरपी (कोणता माल किती लागेल याचा हिशेब) चालवा, खरेदीची यादी तयार. तिथे मुरलेला सल्लागार ओझरला विमान दुरुस्तीच्या कामावर आला की पहिल्यांदा मागतो ती ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण उघडून करायच्या दुरुस्तीची, बीओएम. ती पक्की अशी नसतेच. लँडिंग गिअर (विमानाची चाकं आणि त्यांचे पाय) उघडल्याशिवाय किती बुश झिजलेत, कुठे गंज धरलाय, हे सांगता येत नाही. ठरलेल्या टास्क कार्डांवर (करायचं काम लिहिलेल्या पत्रकांवर) काम सुरू होतं आणि तपासणीत निघालेल्या फाइंडिंगमुळे, म्हणजे सापडलेल्या दोषांमुळे, ते वाढत जातं. म्हणून सिस्टिममध्ये आधी हा रस्ता बांधा: फाइंडिंग, तिला मूळ कार्डाशी जोडलेलं नवं कार्ड, त्यावर सुट्या भागांची मागणी, मग ग्राहकाची मंजुरी. उत्पादनाचा साचा तसाच उचलला की हे सगळं एक्सेलमध्ये चालतं आणि ईआरपीत फक्त बिल निघतं.

दुसरा फरक स्टोअरमध्ये दिसतो. 'शिल्लक ४ नग' एवढं पुरत नाही. चारांपैकी प्रत्येकाचा सीरियल नंबर, उड्डाणाचे तास, सायकल (उड्डाण-उतरण्याच्या फेऱ्या), शेवटच्या ओव्हरहॉलनंतरचे तास आणि सोबतचं रिलीज सर्टिफिकेट (भाग वापरायला योग्य असल्याचा दाखला) हवं. आयुर्मर्यादा असलेल्या भागाचा इतिहास तर थेट जन्मापासून लागतो. मधल्या एका मालकाची नोंद निसटली, तर भाग चांगला असूनही बसवता येत नाही.

डेटा चढवताना सगळ्यात जास्त घोळ तासांत होतो. लॉगबुकात ४२१७:४५ असतं. कुणीतरी कोलनच्या जागी टिंब देतं आणि सिस्टिममध्ये ४२१७.४५ जातं. खरं हवं ४२१७.७५, कारण ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास. एका भागामागे १८ मिनिटं गायब! ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळ्या नोंदी अशाच चढल्या की मर्यादेचा हिशेब कागदाशी जुळेनासा होतो. भाग क्रमांकाचंही तेच. एमएस२८७७५-२१४ ही ओ-रिंग (गळती रोखणारी गोल कडी) कुणी डॅश देऊन, कुणी न देता, कुणी जागा सोडून लिहितं. एकाच वस्तूचे तीन मास्टर (सिस्टिममधल्या मूळ नोंदी) तयार होतात आणि स्टोअरमध्ये माल असून तुटवडा दिसतो. एक्सेल सुरुवातीचे शून्य खातं, मधे 'ई' असलेल्या क्रमांकाची घातसंख्या करून टाकतं. तो रकाना पेस्ट करण्याआधीच टेक्स्ट करून ठेवा.

पर्यायी भाग दोन्ही दिशांनी चालतात असं धरू नका. सुधारित भाग जुन्या विमानात बसतो, जुना मात्र नव्या मॉडिफिकेशनच्या विमानात बसेलच असं नाही. त्यामुळे पर्यायाची दिशा मास्टरमध्ये नोंदवावी लागते. सीलंटला (सांधे बंद करणाऱ्या लेपाला) 'आधी आला तो आधी' हा नियम लावू नका. नंतर आलेल्या लॉटची मुदत आधी संपू शकते. इश्यू, म्हणजे स्टोअरमधून माल देणं, मुदतीप्रमाणेच व्हायला हवा.

एका विमानातला भाग काढून दुसऱ्यात बसवणं, म्हणजे रॉबरी, ही खरी कसोटी. काढणं आणि बसवणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मधे एक सुटली की तोच सीरियल नंबर दोन विमानांवर दिसतो आणि दोन्हीकडे तास चढत राहतात. असेंब्ली (अनेक भागांचा जोडलेला संच) हलली तर आतले भागही तिच्याबरोबर हलायला हवेत, म्हणून डेटा चढवताना क्रम पाळा: आधी विमान, मग असेंब्ली, मग आतले भाग.

सॉफ्टवेअर कोणतं, यावर बैठकांमागून बैठका होतात. माझ्या मते टर्मिनल कुठे ठेवायचं हा प्रश्न जास्त मोलाचा. ते ऑफिसात असेल तर मेकॅनिक शिफ्ट संपताना सगळी कार्डं एकदम बंद करतो. वेळा अंदाजे पडतात, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने कसण्याचा पाना) कोणता वापरला ते आठवून भरलं जातं. त्या रेंचच्या कॅलिब्रेशनची (अचूकतेच्या तपासणीची) मुदत आधीच संपली असेल, तर सिस्टिम अडवते तेव्हा नट कसून झालेला असतो. टर्मिनल विमानाशेजारी ठेवा आणि टूल-क्रिबमधून (हत्यारांच्या खोलीतून) रेंच देतानाच कॅलिब्रेशनची तारीख तपासली जाईल असं करा.