गार्श्वाची लिफ्ट

लिथुएनियाच्या साहित्यात एक लिफ्टमन आहे, त्याला टाळून पुढे जाता येत नाही. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलात गणवेश चढवून तो पाहुण्यांना वर नेतो, खाली आणतो. नाव आन्तानास गार्श्वा, मूळचा कवी. आन्तानास श्केमाची ही कादंबरी, ‘बाल्ता द्रोबुले’ म्हणजे ‘पांढरं कफन’, १९५८ साली लिथुएनियन भाषेत छापली गेली, पण लंडनमध्ये. मायदेशात सोव्हिएत राजवट होती, आणि देश सोडून गेलेल्याचं असं पुस्तक तिथे कोण छापणार? आज तीच कादंबरी इथे लिथुएनियात शाळांत वरच्या वर्गांना अभ्यासाला आहे. त्यामुळे इथे कौनास शहरात कुणाजवळ तिचं नाव काढलं की आधी परीक्षेची आठवण निघते आणि मग कादंबरीची.

मी ती इंग्रजी अनुवादातून वाचली. माझं लिथुएनियन अजून भाजीबाजाराच्या पुढे गेलेलं नाही.

वाचताना सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की या माणसाच्या बाबतीत जे काही घडतं ते आधी अंगावर घडतं. विचार मागाहून येतो. छातीत धडधड वाढते, डोकं जड होतं, हात खिशातल्या गोळ्यांकडे जातो. गणवेशावर ८७ हा आकडा. अरुंद चौकोनात दिवसभर ‘अप’ आणि ‘डाउन’. हे इंग्रजी शब्द श्केमाने लिथुएनियन वाक्यात तसेच ठेवलेत. दार उघडतं, पाहुणा मजला सांगतो, दार मिटतं, आणि दोन मजल्यांच्या मध्ये कौनास येतं. वेड लागलेली आई येते. सोव्हिएत सुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्याने डोक्यावर केलेली मारहाण येते. तो मार संपून वर्षं झाली, पण डोक्याच्या हिशेबात तो चालूच आहे.

श्केमा स्वतः न्यूयॉर्कमध्ये लिफ्ट चालवत होता. त्याआधी कौनासला तो वैद्यकीय शिकायला आला, दोनेक वर्षांत ते सोडून कायद्याकडे वळला आणि शेवटी रंगभूमीवर गेला. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर शरीराकडे बाहेरून बघतो, नटाला ते आतून वापरावं लागतं. कादंबरीत दोन्ही नजरा एकमेकींवर आदळत राहतात. गार्श्वा स्वतःचीच लक्षणं रोग्यासारखी तपासतो आणि त्याच वेळी ती भोगतही असतो.

विसाव्या शतकातले फेनॉमेनॉलॉजीवाले तत्त्वज्ञ हाच फरक सांगत होते. अनुभव जसा येतो तसाच, आधी त्याची कारणं न शोधता, नीट बघायचा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्यातल्या फ्रेंच मोरिस मेर्लो-पाँतीचा ‘प्रत्यक्षज्ञानाची फेनॉमेनॉलॉजी’ हा ग्रंथ १९४५चा. त्याचं म्हणणं असं, की शरीर ही आपल्या मालकीची वस्तू नव्हे. जगापर्यंत आपण पोचतो ते शरीर म्हणूनच. सवयी अंगात मुरलेल्या असतात, डोक्याला विचारत नाहीत. परदेशात राहणाऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. मला ते पक्कं ठाऊक आहे, तरी रस्ता ओलांडताना मान आधी उजवीकडेच वळते. ती मान अजून पुण्यात आहे.

मेर्लो-पाँतीचं एक प्रसिद्ध उदाहरण आंधळ्याच्या काठीचं. सवय झाली की काठी वस्तू राहत नाही, स्पर्श तिच्या टोकाशी जातो, माणसाची पोच वाढते. गार्श्वाचीही लिफ्ट अशीच अंगवळणी पडलेली आहे. फक्त इथे उलटं होतं. काठीने आंधळ्याचं जग मोठं होतं, लिफ्टने गार्श्वाचं चौकोनाएवढं होतं. मेर्लो-पाँतीचं शरीर मुळात ‘मला जमतं’ म्हणणारं शरीर आहे, आणि या कादंबरीपुरतं मला ते जरा जास्तच धडधाकट वाटतं.

इथे मदतीला येतो तो कौनासचाच मुलगा. तत्त्वज्ञ एमान्युएल लेव्हिनास १९०६ साली याच शहरात एका ज्यू कुटुंबात जन्मला आणि १९२३ला फ्रान्समध्ये शिकायला गेला. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून तो जर्मनांच्या कैदेत होता; इकडे कौनासमध्ये त्याचे आईवडील आणि भाऊ मारले गेले. १९३५च्या एका निबंधात त्याने मळमळीचं वर्णन केलंय: आपण स्वतःलाच खिळलेलो आहोत, बाहेर पडायचंय आणि दार नाही. कैदेत लिहायला घेतलेल्या आणि १९४७ला आलेल्या पुस्तकात थकवा आहे, आळस आहे, झोप न लागणं आहे. थकवा म्हणजे निव्वळ ताकद संपणं नव्हे, आपण स्वतःच्याच मागे पडत जाणं, असं तो काहीसं मांडतो. गार्श्वाच्या कामाच्या पाळीचं याहून नेमकं वर्णन मला कुठे सापडलं नाही.

शेवटी गार्श्वाच्या मनाचा तोल जातो. श्केमा तिथे हळवा होत नाही, वाचकालाही होऊ देत नाही.

पण एवढं सांगून थांबलो तर कादंबरी नुसती रडकी वाटेल, आणि ती तशी अजिबात नाही. गार्श्वा तिरकस आहे, पाहुण्यांची मनातल्या मनात यथेच्छ टर उडवतो. एलेनावरचं त्याचं प्रेम खरं आहे; तिच्याजवळ असताना हेच छळणारं शरीर काही काळ सुसह्य होतं. मध्येच जुन्या लोकगीतांचे अर्थाशिवायचे, नुसत्या नादाचे शब्द उसळून येतात. तत्त्वज्ञानाच्या चिमट्यात हे शब्द सापडत नाहीत. पहिल्यांदा वाचणार असाल तर ते मोठ्याने वाचा. कार्ला ग्रुओदिस यांचा इंग्रजी अनुवाद २०१८ साली आलाय. मराठीत कुणी करायला घेतला, तर लिफ्टमधलं ‘अप’ आणि ‘डाउन’ मात्र तसंच ठेवावं.