कोकणातली लाइन आणि मोडेमला घातलेला लगाम

पुण्याच्या फ्लॅटमध्ये माझा ५६के मोडेम (फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणारा डबा, कमाल वेग ५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट) ४६-४८ केबीपीएसच्या आसपास जोडला जायचा आणि त्याच्या सेटिंगकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. २००० च्या पावसाळ्यात तोच कॉम्प्युटर कोकणातल्या घरी नेला आणि नंबर लागण्यापासूनच रडकथा सुरू झाली.

रिसीव्हर कानाला लावला की टोन खणखणीत, स्क्रीनवर मात्र ‘नो डायल टोन’. आपल्याकडचा टोन ४०० हर्ट्झचा, घरघरता; अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून होतो. तिकडच्या टोनवर बेतलेला मोडेम आपल्या टोनला बिचकतो, त्यात खरखर असली तर विचारूच नका. उपाय सोपा निघाला: विंडोज ९८ मध्ये मोडेमच्या कनेक्शन टॅबवरची डायल टोनची वाट पाहण्याची टिक काढायची, किंवा एक्स्ट्रा सेटिंगमध्ये ‘एक्स३’ ही मोडेमची आज्ञा लिहायची. मग तो टोन न ऐकताच नंबर फिरवतो, पण एंगेज असेल तर ते त्याला कळतं. मामाच्या गावचं एक्स्चेंज जुनं, तिथे टोनने नंबर फिरवणाऱ्या ‘एटीडीटी’ या आज्ञेऐवजी पल्सचं, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखं टकटक करत फिरवणारं ‘एटीडीपी’ लागलं, एवढाच फरक.

खरा ताप पुढे. कनेक्शन ४४ वर जोडलं जायचं, पाचेक मिनिटांत तुटायचं. पुन्हा डायल केलं की नवा कॉल, म्हणजे मीटर पुन्हा पहिल्यापासून. मेलला जोडलेली फाइल अर्धी उतरलेली असली तर तीही पहिल्यापासून.

व्ही.९० हे ५६केचं मानक मुळात नाजूक. सर्व्हरकडची बाजू पूर्ण डिजिटल आणि आपल्याकडचा तांब्याच्या तारेचा तुकडा स्वच्छ, या भरवशावर ते चालतं. मध्ये ऑफिसचं आतलं छोटं एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्स, आलं की तो भरवसाच मोडतो; त्यातून ३३.६ च्या वर कधीच का जात नव्हतं, तेही तेव्हा उमगलं. ओल्या लाइनवर मोडेम आधी मोठा आकडा पकडतो, मग खरखरीत अडखळतो. म्हणून त्याला व्ही.३४ या आधीच्या, ३३.६ पर्यंतच्या मानकावरच बांधून टाकलं. माझा रॉकवेल चिपचा होता, त्याला ‘+एमएस=११,१,३००,२८८००’ ही आज्ञा (शेवटचा आकडा वेगाची वरची मर्यादा, २८.८ केबीपीएस); दुसऱ्या चिपना वेगळी, तिथे मॅन्युअल उघडण्याला पर्याय नाही. सोबत ‘एस१०=५०’ (आकडा सेकंदाच्या दहाव्या भागांत), म्हणजे कॅरियर, समोरच्या मोडेमचा सिग्नल, गेला तरी पाच सेकंद फोन ठेवू नको. मूळ किंमत १४ होती, जेमतेम दीड सेकंद. तेवढ्यात एक खरखर सहज बसते.

२८.८ वर एक एमबी उतरायला पाचेक मिनिटं लागतात. लागू देत! तासभर न तुटणारं २८.८ मला पाच मिनिटांच्या ४४ पेक्षा कधीही परवडतं, आणि बिलालाही.

आज्ञांनी तार सुकत नाही, हेही खरं. लाइन तपासायची युक्ती मला लाइनमननेच दाखवली: रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबायचा, टोन थांबला की त्या शांततेत कान द्यायचा. आमच्याकडे तिथे पापड तळल्यासारखा आवाज. आधी माजघरातला पॅरलल फोन (त्याच लाइनवरचा दुसरा) काढला, थोडा फरक पडला. मग लाइनमन खांबावर चढला आणि जॉइंट हातात घेऊन म्हणाला, “दादा, हिरवा पडलाय बघा. खारी हवा.” नवा जॉइंट मारल्यावर पापड बंद झाले, पण जोराच्या सरीत थोडी कुरकुर राहिलीच.

डायल-अप नेटवर्किंगमध्ये प्रत्येक कनेक्शनला आपापलं मोडेम सेटिंग देता येतं, म्हणून त्याच नंबराची दोन कनेक्शनं केली. ‘कोरडं’ला फक्त एक्स३. ‘पाऊस’ला एक्स३, एस१० आणि २८.८ चा लगाम. वडील खिडकीबाहेर बघून आयकॉन निवडायचे. एकदा भर वादळात मात्र ‘पाऊस’ही तग धरेना, तेव्हा वरची मर्यादा २६४०० केली आणि ती तशीच राहू दिली.