कारण विचारायची सवय

उत्तर नागपुरात माझं छोटंसं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, स्कॉलरशिपचा फॉर्म, रेशन कार्डाची केवायसी, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, जे लागेल ते आम्ही भरून देतो. दिवसभर काउंटरवर बसलं की दोन वाक्यं सारखी कानावर पडतात. येणारी बाई म्हणते, "माह्या नशिबातच नाही वो ताई." आणि ऑफिसातून फोनवर सांगतात, "सिस्टम घेत नाहीये." मी बौद्ध आहे, आणि या दोन्ही वाक्यांचा मला सारखाच राग येतो. दोन्हीनंतर पुढे विचारायला काही उरत नाही. कोणी जबाबदार नाही, कोणाला जाब विचारायचा नाही, घरी जायचं.

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या त्या मोकळ्या मैदानात होते. लाखो माणसांसोबत त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि बाबासाहेबांच्या मागून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी उतरवल्या, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण आजी सांगायची ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती म्हणायची, त्या दिवसापासून तुझ्या आजोबांनी "मागच्या जन्मीचं पाप" हा शब्द घरात बोलू दिला नाही. पोरगं आजारी पडलं तर डॉक्टर. मिलमध्ये पगार कापला तर युनियन. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असतं, ते शोधायचं आणि ते दूर करायचं, एवढंच. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद म्हणून जे सांगितलं, ते माझ्या निरक्षर आजीने असं समजून घेतलं होतं.

जगातले सगळे बौद्ध असं मानत नाहीत, याची मला कल्पना आहे. श्रीलंकेत, म्यानमारमध्ये, तिबेटी परंपरेत मागच्या जन्मीच्या कर्माला मोठी जागा आहे. त्यांच्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या "हे तुझं मागचं कर्म" हे उत्तर आलं, त्या समाजाला ते पुन्हा ऐकवून घेता येत नाही. बाबासाहेबांनी स्पष्टच म्हटलं होतं की गरिबांच्या परिस्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, याशिवाय या सिद्धांताचा दुसरा काही उपयोग दिसत नाही. मला हे पटतं ते काउंटरवर बसून. समोरच्या माणसाच्या गरिबीची कारणं मला त्याच्या कागदपत्रांत दिसतात. सातबाराच नाही, म्हणजे जमीन नाही. टीसी चौथीची, म्हणजे शाळा सुटली. कामाचा पुरावा काहीच नाही, म्हणजे आयुष्यभर रोजंदारी. यात मागचा जन्म कुठेच नाही. सगळं याच जन्मातलं आणि याच समाजाने केलेलं आहे.

जातीच्या दाखल्याचं काम मात्र दरवेळी मनाला लागतं. अनुसूचित जातीच्या आणि धर्मांतरित बौद्धांच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे पणजोबांपर्यंत जावं लागतं. आमच्या विदर्भात त्यासाठी बहुतेक कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढतात. मध्यंतरी एक मुलगी आली होती, बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागलेली. तिने नक्कल पुढे ठेवली. जुनं, तिरकं, शाई फुटलेलं अक्षर. बापाच्या रकान्यात नुसतं नाव, आडनाव नाही. पुढे जात. आणि बाळाच्या नावाच्या जागी फक्त "मुलगा". ती बराच वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून बसली होती. मग म्हणाली, "ताई, हे माझे आजोबा. यांचं नाव पण नाही लिहिलं."

लोक मला विचारतात, तुम्ही जात सोडली ना, मग दाखला कशाला? शेजारचे विचारतात, कधी आपलीच शिकलेली मुलं विचारतात. माझं उत्तर साधं आहे. आम्ही जात सोडली, पण जातीने आम्हाला सोडलं नाही. १९५६नंतर घर भाड्याने देणाऱ्याने आडनाव विचारणं थांबवलं का? १९५०च्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा जवळपास फक्त हिंदूंनाच होता. १९५६मध्ये सगळीकडच्या शिखांना मिळाला आणि बौद्धांना थेट १९९०मध्ये. तोपर्यंत केंद्राच्या नोकरीसाठी एक आख्खी पिढी "धर्म सांगू की हक्क मागू" या पेचात राहिली. माझ्या मामांनी खरं ते सांगितलं आणि पोस्टातली नोकरी हुकली. त्यांना त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. मला मात्र त्यांच्या वतीने आजही वाईट वाटतं, आणि ख्रिस्ती, मुस्लिम झालेल्या दलितांना अजून तो दर्जा नाही याचंही वाटतं. जखम एकच असेल तर औषध धर्म बघून का द्यायचं?

माझ्या धर्मात पैशाबद्दल काय सांगितलंय, हे फार लोकांना माहीत नसतं. बुद्ध म्हटलं की डोळे मिटलेली मूर्ती आणि शांतता एवढंच डोळ्यांपुढे येतं. मी स्वतः सकाळी आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, करते आणि त्याने फरक पडतो. पण दीघनिकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहात कूटदंत सुत्त आहे, ते मी विहारात पुन्हा पुन्हा वाचायला सांगते. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. राज्यात चोऱ्या, लुटालूट चाललेली असते. पुरोहित त्याला म्हणतो, लोकांना मारून, कैदेत टाकून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणं द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला पुरेसा पगार द्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे बोलणं आहे. पुरोहिताच्या या सल्ल्यात कुठेही "दान करा, पुण्य लागेल" नाही. लोक आपापल्या कामाला लागतील, राज्याचं उत्पन्न वाढेल आणि माणसं दाराला कडी न लावता झोपतील, असं त्यात सांगितलंय.

म्हणून "फुकट पैसे वाटतात" असं कोणी स्कॉलरशिपबद्दल बोललं की मी तिथेच थांबवते. वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातलं पोरगं शिकतंय, ते बी-बियाणं आहे. राज्याने आणि केंद्राने ते पेरायचं ठरवलंय, तर वेळेवर पेरावं. इथे होतं काय, तर फॉर्म जुलै-ऑगस्टात भरला, पैसे पुढच्या वर्षी आले. तोवर कॉलेज म्हणतं आधी फी भरा, तुमचे आले की घ्या. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला त्याच्या कॉलेजने हॉल तिकीट अडवून ठेवलं होतं. त्याच्या आईने मंगळसूत्र ठेवून फी भरली. पैसे आठ महिन्यांनी खात्यात आले आणि तोपर्यंत व्याज वाढून बसलं. उशिराचं हे व्याज गरिबाने का भरायचं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

सिगालोवाद सुत्तात मालकाने कामगाराशी कसं वागावं ते सांगितलंय: त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्या, अन्न आणि वेतन द्या, आजारी पडला तर सांभाळा, चांगलंचुंगलं वाटून खा, वेळच्या वेळी सुट्टी द्या. आमच्या वस्तीतली निम्मी तरुण पोरं आता डिलिव्हरीच्या गाड्या चालवतात. त्यांचा मालक म्हणजे मोबाइल. काम तो देतो, रेट तो ठरवतो, रेटिंग घसरलं की आयडी तोच बंद करतो. पाय मोडला तर शुश्रूषा करायला मोबाइलला हात नाहीत. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत या मुलांचा पहिल्यांदा उल्लेख आला. ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडलं. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्यासाठी बाजूला काढायची असं त्यात आहे. मी प्रत्येकाची ई-श्रम नोंदणी करून देते आणि सांगते, ही पावती जपून ठेव, हा तुझा हक्क आहे. आणि ज्या राज्यात बाबासाहेबांचं नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू होत नाही, तिथे २०२५मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे कमाल तास नऊवरून बारा करायला मंजुरी दिली, हे मला सहन होत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्यासाठीच झगडा केला होता.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. माझं पोट त्यावर चालतं. पूर्वी एका दाखल्यासाठी तहसीलला चार चकरा आणि दलालाला पैसे व्हायचे, ते बऱ्यापैकी थांबलंय. आंधळ्या माणसाला मोबाइल बातम्या वाचून दाखवतो, हे मी रोज बघते आणि मला आनंद होतो. पण यंत्र आलं म्हणजे न्याय आला, असं आमचा इतिहास सांगत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आधुनिक यंत्रं होती. तरी अस्पृश्य कामगाराला चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण मागावरचा धोटा (शटल) भरताना सूत तोंडाने ओढावं लागायचं आणि दुसऱ्यांना तो विटाळ चालत नव्हता. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. माझे आजोबा इथे एम्प्रेस मिलमध्ये होते. ते म्हणायचे, यंत्राला जात नसते, पण यंत्रापाशी कोणाला उभं करायचं ते माणूस ठरवतो.

आज ते ठरवणारा माणूस दिसत नाही, एवढाच फरक. लाडक्या बहिणीची ई-केवायसी आली तेव्हा फॉर्मने नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी मागितला. जिचा नवराही वारला आणि वडीलही, तिने काय करायचं? फॉर्म पुढे सरकतच नव्हता. सावित्रीबाईंच्या महाराष्ट्रात बाईला दीड हजार रुपयांसाठी पुरुषाचा ओटीपी लागावा, हे कोण्या एका खोलीत बसून कोणीतरी ठरवलेलं होतं. ते नशीब नव्हतं आणि सिस्टमही नव्हती. बोंब झाली तेव्हा वेगळी सोय करावी लागली. बोंब झाली म्हणून झाली.

अंगठ्याचंही तेच आहे. कामठीकडून एक आजी येतात, सत्तरीच्या पुढच्या. जन्मभर बिड्या वळल्या. त्यांच्या अंगठ्यावर आता रेषाच नाहीत, कातडी गुळगुळीत होऊन चकाकते. आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, मग थोडं खोबरेल तेल. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात. मशीनमधला लाल दिवा प्रत्येक बोटाला नाही म्हणतो. आजी बोट अजून जोरात दाबतात, जसा काही दोष त्यांच्या दाबण्यातच आहे. मी त्यांचा हात हातात धरून सैल करते. "आजी, तुमचं बोट बरोबर आहे. मशीनला दिसत नाही." मग डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन करते, त्याने बहुतेक वेळा होतं. पण ज्या दुकानात बुबुळांचं मशीन नाही, तिथून ही बाई धान्याशिवाय परत जाते. ज्या हातांनी सगळ्यात जास्त कष्ट केले त्यांनाच मशीन ओळखत नाही, आणि अशा मशीनवर राज्याने माणसाची भाकरी टांगून ठेवावी, हे मला अधम्म वाटतं. हा शब्द मी मोजून वापरते आहे.

म्हणून केंद्रात मी एक पद्धत ठेवली आहे. फॉर्म नाकारला गेला की मी "झालं नाही" असं सांगून कोणाला पाठवत नाही. कागदावर तारीख, अर्ज क्रमांक, नाकारण्याचं कारण आणि ते कोणत्या टेबलावर सुटेल, एवढं लिहून देते. स्क्रीनवर कारण नसेल तर "कारण दिलेलं नाही" असं लिहिते, आणि त्याच कागदावर लेखी कारण मागणारा अर्ज करून देते. लोक सुरुवातीला भितात. साहेब चिडतील म्हणतात. एकदा गेले की दुसऱ्यांदा स्वतःहून कागद मागतात.

विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही मी हेच करते. हल्ली एआयने बनवलेल्या आवाजात बाबासाहेबांचे व्हिडिओ फिरतात, न बोललेली वाक्यं त्यांच्या तोंडी घालतात, आणि आपलीच मुलं हात जोडलेला इमोजी टाकून पुढे पाठवतात. कालाम नावाच्या लोकांना बुद्धांनी सांगितलं होतं की केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका. आपलं आवडतं माणूस दिसतंय म्हणूनही मानू नका, हे त्यातच आलं. महाराष्ट्र सरकारने १९७९पासून बाबासाहेबांच्या लिखाणाचे आणि भाषणांचे खंड काढले आहेत, पीडीएफ मोबाइलवर फुकट मिळतात. मी फक्त विचारते, कोणता खंड, कोणतं पान? काहींना राग येतो. दोघा-तिघांनी तर खरंच खंड उघडून वाचायला सुरुवात केली आहे, आणि त्यातल्या एकीने परवा २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण ग्रुपवर स्वतःच्या आवाजात वाचून टाकलं. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीबद्दलचं ते भाषण. दहावीत आहे ती.

येत्या रविवारी वंदनेनंतर मी लॅपटॉप आणि बुबुळांचं मशीन घेऊन विहारातच बसणार आहे. धर्म, जात कोणतीही असो, ज्यांचं रेशन किंवा पेन्शन अंगठ्यापायी अडलंय त्यांना घेऊन या. आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि नाकारल्याची पावती असेल तर ती सोबत ठेवा. पावती दिलीच नसेल, तर कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानातून परत पाठवलं ते लक्षात ठेवून या. अर्ज तिथेच लिहू.