एकदाचा प्रोसेसर ठरला

नवीन गेमिंग पीसीचं तीन महिने चाललं होतं. ग्राफिक्स कार्ड पहिल्याच आठवड्यात ठरलं, कॅबिनेट ठरलं, पण प्रोसेसरवर गाडी अडकली ती अडकलीच. आता एएमडीचा रायझेन 7 9800एक्स3डी बसवून मशीन चालू झालंय, आणि मावसभाऊ पण हेच विचारत होता, म्हणून सगळं इथेच लिहितो.

मी मुख्यतः फ्लाइट सिम्युलेटर, सिटीज स्कायलाइन्स आणि फॅक्टोरिओ खेळतो. जुन्या मशीनवर शहर मोठं झालं की रस्त्यावरच्या गाड्या सरपटायला लागायच्या, मी रिझोल्यूशन कमी केलं, सावल्या बंद केल्या, तरी फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) तेवढ्याच. तिथेच कळलं की दुखणं प्रोसेसरचं आहे, कारण ग्राफिक्स कार्डावरचं ओझं कमी करूनही जर काहीच हलत नसेल तर कार्ड बिचारं प्रोसेसरची वाट बघत बसलेलं असतं. तुम्ही पण खरेदीआधी हे एकदा करून बघाच. 4के मॉनिटरवर फक्त स्टोरीवाले गेम खेळत असाल तर बहुतेक उलटं दिसेल, मग महागड्या प्रोसेसरचे पैसे सरळ कार्डात घाला.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात मला सोळा कोरचाच घ्या म्हणून खूप आग्रह झाला (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग). पण गेमला कोरची संख्या एका मर्यादेपुढे फारशी लागत नाही, त्याला लागतो कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी पण झटपट मेमरी. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असला की फोडणी पटकन होते, तेच प्रत्येक चिमटीसाठी आतल्या खोलीत जायचं म्हटलं तर तेल करपेल. कॅशे म्हणजे तो डबा आणि रॅम, ती बोर्डवरची मोठी पण लांबची मेमरी, म्हणजे आतली खोली. रायझेन 7 9800एक्स3डी मध्ये हा डबा 96 एमबीचा आहे, साध्या 9700एक्स मध्ये 32 चा, कोर दोन्हीत आठच. हजारो गाड्यांचा हिशोब सतत चालू असतो अशा गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो.

आणि मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे, 2022 च्या 5800एक्स3डी मध्ये आणि नंतरच्या 7800एक्स3डी मध्ये जादाचा कॅशे कोरच्या डोक्यावर बसवलेला होता, त्यामुळे खालची उष्णता बाहेर पडायला अडायची आणि स्पीड आवरता घ्यावा लागायचा. 9800 मध्ये एएमडीने तो कॅशे कोरच्या खाली नेला, कोर थेट कूलरच्या बाजूला आले आणि बूस्ट, म्हणजे कमाल स्पीड, 5.2 गिगाहर्ट्झपर्यंत गेला. किती साधी आणि किती सुंदर कल्पना आहे ही!

9950एक्स3डी पण बघितला, सोळा कोर, पण जादा कॅशे त्यातल्या आठ कोरनाच, म्हणजे गेम बरोबर त्याच आठांवर चालतोय ना हे विंडोज आणि ड्रायव्हरने सांभाळायचं. व्हिडिओ एडिटिंग पण करत असाल तर तो जरूर घ्या, मी करत नाही. इंटेलचा 14900के लोडवर 253 वॅटपर्यंत जातो, पुण्यात मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत ते मला नको होतं, शिवाय 13व्या-14व्या पिढीतल्या व्होल्टेजच्या भानगडीसाठी 2024 मध्ये कंपनीला मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट काढावा लागला होता. आणि एएम5 सॉकेटवर, म्हणजे बोर्डवर हा प्रोसेसर बसतो त्या खाचेवर, 2027 पर्यंत तरी नवे प्रोसेसर येणार असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे बोर्ड न बदलता पुढे अपग्रेड होईल.

बसवताना मात्र हात थरथरत होते. पिना आता प्रोसेसरला नाही, बोर्डवर असतात, एक जरी वाकली तरी बोर्ड गेला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही, मग दांडी खाली करायची, ती भलतीच घट्ट असते आणि वरचं काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप टक् करून उडतं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन रॅमचं एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग) तेवढं चालू करा, नाहीतर 6000 ची रॅम घेऊन ती कमी स्पीडवरच चालत राहते.

काल रात्री सिम्युलेटरमध्ये मुंबईच्या 27 नंबर रनवेवर उतरलो. पूर्वी घाटकोपरच्या वर आलं की चित्र हमखास अडखळायचं, नेमकं विमान सरळ धरायच्या वेळी. काल पार चाकं टेकेपर्यंत एकदाही अडखळलं नाही.